माझदा ७८७बी

माझदा ७८७बी ही ग्रुप सी (लांब पल्ल्याच्या रेससाठीच्या स्पोर्ट्स कारचा तेव्हाचा गट) प्रकारातली जपानी रेसिंग कार, १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मांची २४ तासांची रेस जिंकली ती हीच. जपानी कंपनीचा तिथला हा पहिला विजय, आणि पिस्टन नसलेल्या इंजिनाने ही रेस जिंकली ती आजवर एवढी एकदाच. त्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तिने दुसरी एकही रेस मारली नाही, तरी माझ्या मते तिचं मोल त्याने जराही कमी होत नाही.

आधीची ७८७ फार चालली नव्हती, १९९० ला ल मांमध्ये उतरवलेल्या दोन्ही गाड्या मधेच बंद पडल्या. मग नायजेल स्ट्राउडच्या त्याच डिझाइनवर सुधारणा झाल्या, कार्बन ब्रेक आले. इंजिन आर२६बी, रोटरी प्रकारचं, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणारे चार रोटर, २.६ लिटर, ७०० हॉर्सपॉवरच्या आसपास. यातली भारी गोष्ट म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांची लांबी आरपीएमप्रमाणे (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांप्रमाणे) आपोआप कमीजास्त व्हायची, त्यामुळे कमी आरपीएमलाही गाडीत दम असायचा.

पण खरा डाव वजनाचा होता. टीमचे बॉस ताकायोशी ओहाशी यांनी नियमात सवलत मिळवली, माझदा ८३० किलोची आणि जॅग्वार, मर्सिडीज १००० किलोच्या! पेट्रोल सगळ्यांना मोजून, म्हणजे जड गाड्यांना हात राखून चालवावं लागणार, आणि माझदाने मात्र जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो या तिघांना सांगितलं की पहिल्यापासून दाबून चालवा. ५५ नंबरची केशरी-हिरवी गाडी १९ व्या जागेवरून सुटली, रात्रभर एकेकाला मागे टाकत वर सरकली, आणि शेवटचे तीनेक तास उरले असताना पुढची मर्सिडीज गरम होऊन थांबली. जॅग्वारना पेट्रोलच्या हिशोबामुळे पाठलाग करता येईना, त्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आल्या. शेवटी ड्रायव्हर बदलायची रिस्क नको म्हणून हर्बर्टच चालवत राहिला, ३६२ लॅप पूर्ण केल्या आणि उतरल्यावर डिहायड्रेशनने कोसळला, पोडियमवर त्याला जाताच आलं नाही.

माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली असं खूप जण सांगतात, ते बरोबर नाही. ३.५ लिटर पिस्टन इंजिनाचा नियम आधीच ठरलेला होता, त्यामुळे रोटरीसाठी हे शेवटचंच वर्ष होतं. १९९२ ला माझदा पिस्टन इंजिनाची एमएक्सआर-०१ घेऊन आली आणि ल मांमध्ये चौथा नंबर आला.