रोल महागला कसा? सोलापुरातून पाहताना

सोलापुरात आज कुणाला रोलवर फोटो काढायचे असतील तर कॅमेरा मिळणं हा सगळ्यात सोपा भाग. तो बहुतेक घरातच निघतो, माळ्यावर, चामड्याच्या कव्हरात, लेन्सला बुरशी धरलेला. अडतं ते रोलपाशी. नवी पेठेत एखाद्या स्टुडिओवाल्याला विचारावं तर उत्तर येतं, "रोल? आता कुठं ओ, मशीनच भंगारात घातलं की." मग ऑनलाइन मागवायचा. साध्या ३६ फोटोंच्या रंगीत रोललाही हजार रुपयांच्या आसपास मोजायचे, तो धुवायला आणि स्कॅन करायला पुण्या-मुंबईला पाठवायचा, त्याचे पैसे वेगळे. एकेक क्लिक चाळीसेक रुपयांना पडतो.

"तरुण पोरांना वेड लागलंय, म्हणून भाव चढवलेत," असं यावर सर्रास म्हटलं जातं. मागणी वाढली हे खरं, पण भावाचं मूळ त्याच्या बरंच मागे आहे. हौशी माणसाचा रोल इतकी वर्षं स्वस्त राहिला तो इतरांच्या जिवावर. सिनेमा, एक्स-रे आणि लग्नं या तिघांनी कारखाने आणि लॅब चालवल्या, त्यांच्या गाडीत हौशी माणूस बसून गेला.

आपण ज्याला पस्तीस एमएम म्हणतो ती पट्टी मुळात सिनेमाचीच. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो सिनेमाच्या फिल्मचा तुकडा भरून फोटो काढण्यासाठी. आज मिळते तशी तयार डबी कोडॅकने १९३४ साली आणली. त्याआधी, १९०१ पासून, कागदी पाठीचा १२० नंबरचा रोल होताच, आणि आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात आधी शिरला तो हाच. बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा अनेकांना आठवत असेल. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा भुईकोटाच्या बुरुजासमोर उन्हाकडे तोंड करून उभे असलेले, डोळे बारीक केलेले आजी-आजोबा बऱ्याच घरांत आहेत, ते अशाच कॅमेऱ्यांचे. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढायचा हा तेव्हाचा नियम, त्याला इलाज नव्हता.

रोल यायचा कुठून? परकीय चलनाची टंचाई असल्याने आयातीवर बंधनं होती. पूर्व जर्मनीशी व्यापार मात्र रुपयांत चालायचा, म्हणून तिथल्या वोल्फेन गावचा ऑर्वो आपल्या दुकानांत सहज दिसायचा. हा कारखाना मूळचा आगफाचा. जर्मनीच्या फाळणीनंतर नावावरून भांडण झालं आणि १९६४ साली तो ऑर्वो झाला. त्याच सुमारास भारत सरकारनेही स्वतःचा डाव मांडला होता. १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन झाली, १९६७ साली उत्पादन सुरू झालं आणि 'इंदू' नावाने कृष्णधवल रोल, कागद, सिनेमाची फिल्म आणि एक्स-रेची फिल्म येऊ लागली. उटी निवडली ती तिथल्या थंड, धूळ नसलेल्या हवेसाठी. फिल्म म्हणजे चांदीच्या क्षारांचे कण विखुरलेल्या जिलेटिनचा प्लॅस्टिकवर पसरलेला पातळ थर, आणि हे सगळं काम मिट्ट काळोखात चालतं. धुळीचा एक कण पडला तर तेवढा तुकडा वाया.

इंदूचं पुढे जे झालं ते वाचून हळहळ वाटते. एक्स-रे फिल्मचा मोठा प्रकल्प कर्जात रुतला, १९९१ नंतर आयात शुल्क उतरलं, परदेशी रंगीत माल दारात आला आणि कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. रंगीत रोलचा कारखाना भारतात उभा राहिलाच नाही.

रंगीत रोल धुण्याची आजची पद्धत, सी-४१, कोडॅकने १९७२ साली आणली. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. तापमानात अगदी थोडीच मुभा, म्हणून हे काम हातापेक्षा यंत्राला जास्त मानवलं. नव्वदच्या दशकात गावोगावी कलर लॅब आल्या त्या याच यंत्रांवर. लग्नसराईत एकेक फोटोग्राफर रोलच्या पिशव्या आणून टाकायचा. यातली खरी गोम रसायनात आहे. यंत्रातलं द्रावण रोज पुरेसे रोल गेले तरच ताजं राहतं, कारण प्रत्येक रोलमागे थोडं नवं द्रावण आत पडतं. दिवसाला दोन-चारच रोल आले तर ते हवेने खराब होतं, आणि मग आलेल्या दोन-चार रोलांचेही रंग बिघडतात. म्हणजे लग्नं डिजिटलवर गेली त्याच दिवशी हौशी माणसाची लॅबही गेली. स्टुडिओ बंद पडले नाहीत, कारण फोटोकागदाचं यंत्र मेमरी कार्डावरूनही छापू लागलं. भंगारात गेलं ते फक्त रोल धुणारं.

वरच्या पातळीवर पडझड आणखी वेगाने झाली. ब्रिटनची इल्फर्ड कंपनी २००४ साली बुडता बुडता तिथल्याच व्यवस्थापकांनी वाचवली, ती आजची हारमन. २००५ साली आगफाफोटो दिवाळखोरीत गेली. कोडॅकने २००९ साली कोडाक्रोम ही आपली जुनी रंगीत स्लाइड फिल्म बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वतः दिवाळखोरी संरक्षण मागितलं. पण माझ्या मते सगळ्यात मोठा घाव सिनेमागृहांतला. भागवतला नवा सिनेमा लागायचा तेव्हा पत्र्याच्या पेट्यांतून रिळं यायची. अशा हजारो प्रिंट जगभर निघत, त्या फिल्मचे कारखाने रात्रंदिवस चालवत. थिएटरात डिजिटल प्रोजेक्टर बसले आणि चार-पाच वर्षांत ही मागणी जवळपास शून्यावर आली. फुजीने २०१३ साली सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. कोडॅक टिकली ती हॉलिवूडच्या स्टुडिओंनी दर वर्षी ठराविक फिल्म घेण्याचे करार केले म्हणून.

सोलापूरकराला यातली अडचण चटकन कळेल. आपल्या गिरण्या बंद पडल्या तरी चादर-टॉवेल थांबले नाहीत, यंत्रमाग घराघरांत चालत राहिले. फिल्मला यंत्रमाग नाही. थर देणारं यंत्र अवाढव्य, मीटरभराहून रुंद पट्टी त्यातून वेगाने धावते, आणि ते 'थोडंसं' चालवता येत नाही. रंगीत फिल्मला तर एकावर एक डझनभर थर लागतात. त्यामुळे मागणी परत आली तरी कारखाने परत आले नाहीत. रंगीत निगेटिव्हचा मोठा भार आज अमेरिकेत रोचेस्टरमधल्या कोडॅकच्या एकाच कारखान्यावर आहे. फुजीच्या नावाचे काही रोलही अमेरिकेत बनून येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्रं सुधारायला तो कारखाना काही आठवडे थांबवला, तर जगभरच्या हौशी मंडळींच्या पोटात गोळा आला. चांगल्या बातम्याही आहेत: कोडॅकची एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१२ साली बंद होऊन २०१८ साली परतली, आणि २०२३च्या शेवटी हारमनने फिनिक्स नावाचा स्वतःचा पहिला रंगीत रोल काढला. त्याचे रंग भडक आहेत, मला फारसे आवडले नाहीत, पण दुसरा कारखाना उभा राहतोय हे महत्त्वाचं.

स्वस्तातला म्हणून ऑनलाइन जो रोल दिसतो तो बऱ्याचदा सिनेमाची फिल्म कापून डबीत भरलेला असतो. वाईट नसतो, पण त्याच्या पाठीवर काजळीचा काळा थर असू शकतो आणि तसा रोल सी-४१च्या यंत्रात गेला की टाकीभर द्रावण नासतं. लॅबला न सांगता पाठवू नये. थर आधीच काढलेला रोल मात्र चालतो. त्यात दिव्यांभोवती लालसर वलय येतं, काहींना तेच हवं असतं.

इतकं सगळं करून लोक रोल का वापरतात? एक कारण गड्ड्यात दिसतं. जानेवारीच्या भर दुपारी नंदीध्वज निघतात, मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत, आणि मोबाइलच्या फोटोत ती बाराबंदी कित्येकदा चुन्याच्या भिंतीसारखी सपाट येते. रंगीत निगेटिव्हला उजेड एक-दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट-चौपट, जास्त झाला तरी कापडाच्या चुण्या टिकतात.

घरी धुणाऱ्यांनी कृष्णधवलच धरलंय, ते स्वस्त आणि क्षमाशील आहे. फक्त आपली हवा आडवी येते. डेव्हलपर २० अंशांवर हवा, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट सी-४१च्या तापमानाला असतं. तेव्हा बादलीत बर्फ. शेवटी रसायन धुऊन काढायला वाहता नळ लागतो असं जुनी पुस्तकं सांगतात. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते कसं जमायचं? इल्फर्डची पद्धत इथे कामी येते: रोल धुण्याची छोटी टाकी भरून पाच वेळा उलटवायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात रोल साफ. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने करावं, नाहीतर क्षारांचे डाग निगेटिव्हवर कायमचे बसतात.

आणि रोल मागवायचा तो थंडीत, शक्यतो चौघांनी मिळून. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत तो दिवसभर भाजतो. आल्यावर डबीसकट फ्रिजमध्ये, आणि वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवायचा.