पौर्णिमेला ओहोटी लागतच नाही म्हणे

"अमावस्या-पौर्णिमेला समुद्र नुसता चढलेला असतो, त्या दिवशी खडकातली डबकी बघायला जाऊ नका", हे आपल्याकडे बरेच जण सांगतात. त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते पटतं, कारण उधाणाची भरती सगळ्यांना दिसते, बातम्यांत येते. ओहोटीचा फोटो कोण काढतो!

पण बघा, त्या दिवसांत, म्हणजे उधाणाला, सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतंही. मुंबईत उधाणाला भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटी एक मीटरच्या खाली येते, उलट अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाला, ओहोटीलाही पाणी दोनेक मीटरवर अडून राहतं. मग हाजी अली किंवा कार्टर रोडचे खालचे खडक उघडे पडणार कधी? अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), शंख, खेकडे, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपस, हे सगळं उधाणाच्या ओहोटीलाच नीट दिसतं.

खात्री करायची तर भरती-ओहोटीच्या तक्त्यात पौर्णिमा आणि अष्टमीचे आकडे शेजारी ठेवून बघा. कोकणातला जुना हिशोबही आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी.

फक्त एक, उधाणाचं पाणी पुन्हा चढतंही झपाट्याने, त्यामुळे ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की लगेच निघा.