दोघांनीच दोन महिने फिरायला जायचंय? मग हे वाचून घ्या

हल्ली आमच्या टूरच्या ऑफिसात बरेच जण विचारून राहिले, पोरं मार्गी लागली, आता आम्हा दोघांना निवांत फिरायचंय, आठ दिवसांच्या बसटूरमध्ये नुसती धावपळ होते, तर दोन महिन्यांचं जमते का अन् पैसे किती लागतात.

जमते. पण दर महिन्याला अमुक टाका हा नोकरीवाल्यांचा सल्ला आपल्या कामाचा नाही. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, कापसाचा पुढे फेब्रुवारीपर्यंत तुकड्यातुकड्याने, अन् मग उधारी, लग्न, दवाखाना यात कधी उडून जातो समजतही नाही. म्हणून विकलेल्या मालाचा चुकारा हातात आला की त्याच आठवड्यात फिरण्याचा हिस्सा पोस्टात एक वर्षाच्या टीडीत, म्हणजे मुदत ठेवीत टाका. 1000 पासून होते, सहा महिने मोडता येत नाही, अन् आम्हाला विचाराल तर हेच तिचं चांगलं. वहिनींचे दुधाचे पैसे महिन्याला येत असतील तर त्यांच्या नावाने आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायचं खातं, 100 रुपयांपासून निघते, फक्त पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते अन् तीन वर्षांआधी बंद होत नाही. कर्ज काढून मात्र जाऊ नका, आमचा धंदा असला तरी सांगतो.

हिशेब साधा आहे. भक्तनिवास किंवा धर्मशाळा, साधं जेवण, लोकल बस-ऑटो मिळून दोघांचे रोजचे 1200 धरा, साठ दिवसांचे 72,000 झाले, वर स्लीपरची तिकिटं, अन् आजारपणासाठी हात न लावायचे 10,000. म्हणजे लाखाच्या आसपास. एका हंगामात नाही जमलं तर दोन हंगामात.

निघायचं कधी? तूर घरात आली की, अन् वापस मृगाच्या आधी, बियाण्याची धावपळ सुरू व्हायच्या आत. सालगडी असेल तर गुढीपाडव्याचं साल, म्हणजे त्याचा पुढच्या वर्षाचा करार, निघायच्या आधीच ठरवून टाका, नाहीतर रामेश्वरच्या समुद्रावर उभं राहून फोनवर घासाघीस करत बसाल. रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडते, म्हणजे 1 फेब्रुवारीला निघायचं तर 3 डिसेंबरला, ऐन वेचणीच्या घाईत. ते आमच्यावर सोडा.

तिकडे दक्षिणेत रामेश्वर, कन्याकुमारी, मंगळूर असं गोल फिरायचं असेल तर सर्क्युलर तिकीट पाहा. जिथून निघालात तिथेच वापस, मधात आठ ठिकाणी उतरता येते अन् सुटं सुटं काढण्यापेक्षा स्वस्त पडते, पण बर्थ प्रत्येक टप्प्याला वेगळा बुक करावा लागतो. सीनियर सिटिझनची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तरी रोज कोणीतरी विचारते. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे, भाऊ साठीच्या वर अन् वहिनी 45 च्या वर असतील तर दोघांच्याच तिकिटावर मागता येतो. ज्यांना ओंकारेश्वर, पंढरपूर, त्र्यंबकेश्वर करायचंय त्यांनी शेगाव संस्थानच्या तिथल्या भक्तनिवासात राहावं, स्वच्छ अन् जेवण आपल्या चवीचं.

आता जे कोणी सांगत नाही ते. वीस-पंचवीस वर्षं संसार केला तरी चोवीस तास दोघंच असं कधी राहिलेले नसता, मधात सासू, पोरं, गोठा काहीतरी असतेच. पहिला आठवडा मजेत जातो, मग एकाला सगळी मंदिरं पाहायची असतात अन् दुसऱ्याचे गुडघे दुखतात, भांडण तिथे होते. म्हणून आम्ही प्लॅनमध्येच आठवड्यातून एक दिवस रिकामा ठेवतो, कपडे धुवा, झोपा, ज्याला जिकडे जायचं तिकडे जा. अन् वरखर्चाचे पैसे दोघांकडे वेगळे ठेवा, वहिनींनी कांजीवरमला साडी घेताना कोणाच्या तोंडाकडे पाहायला नको. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण दोन महिन्यांच्या न्या, वर आठवडाभराच्या जास्त.

चौकशीला पैसे लागत नाहीत. आधार कार्ड घेऊन बाजाराच्या दिवशी या, पण दोघंही या, एकटे भाऊ आले तर आम्ही चहा पाजून वापस पाठवतो.