'नोआ'ची पोच म्हणजे परवानगी नव्हे: सौर भूअभियांत्रिकीचा मैदानी प्रयोग करण्याआधी

सौर भूअभियांत्रिकी म्हणजे पृथ्वी थंड ठेवण्यासाठी थोडे ऊन परत पाठवणे. अमेरिकेत त्यासाठी हवेत कण किंवा फवारा सोडायचा असेल, तर 'नोआ' या केंद्रीय सागर आणि हवामान संस्थेला आधी कळवावे लागते. कायदा १९७१ चा आहे. तो कृत्रिम पावसापुरता आहे असे समजून बरेच जण वाचतच नाहीत. पण वायू, धूळ, द्रव किंवा एरोसॉल (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) सोडून सौर किरणांच्या देवाणघेवाणीत केलेला फेरफारही त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेला आहे.

पात्रतेची अट जवळपास नाही. व्यक्ती, कंपनी, विद्यापीठ, कोणीही फॉर्म भरू शकते. प्रयोगाचा हेतू, तारखा, जागेचा नकाशा, खर्च कोण करणार, काय आणि कशाने सोडणार, सुरक्षेची तजवीज, एवढे लिहायचे.

मुदतीत मात्र लोक हमखास चुकतात. प्रयोगाच्या किमान १० दिवस आधी अहवाल नोआला मिळालेला हवा. त्या दिवशी तो नुसता पाठवून चालत नाही. काम संपल्यावर अंतिम अहवाल ४५ दिवसांत द्यायचा. रोजची नोंदवही ठेवायची आणि कागद पाच वर्षे जपायचे. जाणूनबुजून टाळाटाळ केली तर १०,००० डॉलरपर्यंत दंड होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही फक्त माहिती देणे आहे. प्रयोग योग्य की अयोग्य हे नोआ ठरवत नाही, आणि पन्नास वर्षांहून जुन्या या कायद्यावर आजही भिस्त ठेवावी लागते, याची मला खरोखर चीड येते. कारण प्रयोग अडतो तो ज्या कागदाचा रकानाच फॉर्ममध्ये नाही त्यावर: तिथल्या लोकांच्या संमतीवर.

कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात एप्रिल २०२४ मध्ये 'हॉर्नेट' या संग्रहालय झालेल्या जहाजावरून समुद्री मिठाचा फवारा सोडला गेला. आरोग्याला मोजता येईल असा धोका नाही, असे शहराच्याच तज्ज्ञांनी सांगितले. तरीही प्रयोग पुढे चालू ठेवायला नगर परिषदेने जूनमध्ये एकमताने नकार दिला, कारण शहराला आधी विश्वासात घेतलेलेच नव्हते. स्वीडनमध्ये किरुनाजवळ २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या अशाच एका प्रकल्पाचा फुगा उडणार होता. त्यातून एक कणही सोडायचा नव्हता, फक्त उपकरणांची चाचणी होती. तिथल्या मूळ रहिवासी सामी लोकांच्या परिषदेने आक्षेप घेतला, प्रकल्पाच्याच सल्लागार समितीने थांबा म्हटले, आणि २०२४ मध्ये तो कायमचा बंद झाला. सामी लोकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. आकाश त्यांच्याही डोक्यावर आहे, आणि त्यांना कोणी आधी विचारले नव्हते.

राज्याचा कायदाही आधी पाहा. टेनेसीत २०२४ पासून आणि फ्लोरिडात २०२५ पासून असे फवारे सोडण्यावरच बंदी आहे. फ्लोरिडात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. जागा भाड्याची असेल तर तिच्या करारात हे काम बसते का, हे मालकाकडून लेखी घ्या. मग नगर परिषदेकडे जा, वस्तीत सभा घ्या, काय सोडणार आणि कोणत्या क्षणी थांबणार हे त्यांच्या भाषेत सांगा, हरकती लिहून घ्या. याला काही महिने लागतील, ते वेळापत्रकात धरा. नोआचा फॉर्म त्यानंतर भरा.