उजुंग कुलोन: एका अख्ख्या जातीचे एकमेव जंगल

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पश्चिम टोकाला समुद्रात शिरलेला एक जंगली भूभाग आहे. मुख्य बेटाशी तो जेमतेम एक-दोन किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. हे उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यान. जगातला प्रत्येक जिवंत जावन गेंडा इथेच राहतो. दुसऱ्या कुठल्या जंगलात तो नाही, कुठल्या प्राणिसंग्रहालयातही नाही. पिंजऱ्यातला शेवटचा जावन गेंडा १९०७ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात मेला आणि तोही हयातभर भारतीय गेंडा म्हणूनच लोकांना दाखवला गेला.

तशी चूक होणे अवघड नव्हते. दोन्ही गेंडे एकाच प्रजातिसमूहातले आणि दोघेही एकशिंगी. जावन गेंडा थोडा लहान असतो. त्याच्या कातडीवर भारतीय गेंड्यासारखे टपोरे फोड नसतात, बहुकोनी खवल्यांची नक्षी जोडल्यासारखी ती दिसते. शिंग आखूड असते, नराचेसुद्धा सहसा वीतभर. बहुतेक माद्यांना तर शिंगाऐवजी नुसता उंचवटा असतो. वरचा ओठ मात्र टोकदार आणि लवचीक असतो. गेंडा त्याने फांदी पकडून पाने ओरबाडतो.

हा प्राणी पूर्वी फक्त जावाचा नव्हता. बंगालपासून म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलाया, सुमात्रा असा त्याचा वावर होता. आपल्या सुंदरबनातही तो होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून नाहीसा झाला. भारताने गमावलेल्या मोठ्या प्राण्यांत आपण चित्त्याचे नाव घेतो, या गेंड्याचे कुणी घेत नाही. मला हे फार लागते.

मग तो नेमका उजुंग कुलोनमध्येच का टिकला? उत्तर समुद्रात दडले आहे. या टोकापासून जवळच, जावा आणि सुमात्रा यांमधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाताउ ज्वालामुखी आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी त्याचा प्रचंड स्फोट झाला आणि त्सुनामीच्या लाटांनी दोन्ही किनारे धुऊन नेले. ३६ हजारांहून अधिक माणसे गेली. या टोकावरच्या वाड्यावस्त्याही उद्ध्वस्त झाल्या आणि तिथे पुन्हा नीटशी वस्ती झाली नाही. सोडून दिलेल्या शेतजमिनींवर रान माजले. जावा बेट पुढे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या प्रदेशांपैकी एक झाले, पण हे टोक माणसांवाचून राहिले. १९२१ साली डच राजवटीने त्याला राखीव क्षेत्र केले, पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

तरीही १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे २५ गेंडेच उरले होते. मग पहारा कडक झाला आणि १९८०च्या दशकापर्यंत हा आकडा ५०च्या आसपास पोहोचला. राखणीने काय साधते याचा हा पुरावा आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण नंतरची कितीतरी वर्षे आकडा तिथेच घुटमळत राहिला. शिकार जवळजवळ थांबली होती, जंगल जागेवर होते, मग गेंडे वाढेनात का?

त्यासाठी गेंड्याचे पोट समजून घ्यायला हवे. जावन गेंडा गवत चरणारा नाही, तो पालाखाऊ आहे. त्याला कोवळे शेंडे, रोपटी, वेली, खाली पडलेली फळे लागतात. रोपटे उंच असेल तर तो छातीने रेटून वाकवतो, मोडतो आणि शेंड्याची पाने खातो. हे खाद्य भरपूर मिळते ते अर्धवट उघड्या रानात, जिथे जमिनीपर्यंत ऊन पोहोचते. झाड कोसळून पडलेली मोकळी जागा, ओढ्याकाठ, जुन्या शेताचे रान या त्याच्या आवडत्या जागा. वरचे छत्र गच्च मिटलेल्या जुन्या जंगलात खाली सावली असते, आणि गेंड्याच्या तोंडी लागेल एवढ्या उंचीवर फारसे काही उगवत नाही. १८८३ नंतर पडीक जमिनीवर माजलेले रान गेंड्यासाठी म्हणूनच सोयीचे होते. पण जंगल तसेच थांबत नाही, ते वाढते. शंभर वर्षे कुणी हात लावला नाही आणि छत्र मिटत गेले.

त्यात भर पडली लांगकाप या ताडवर्गीय झाडाची. हे अरेंगा गणातले झाड आहे, कोकणातल्या भेरली माडाच्या नात्यातले. ते बाहेरून आणलेले नाही, तिथलेच आहे. त्याची फळे उदमांजरे खातात आणि बिया दूरवर टाकतात. या माडांचे बन दाटले की त्यांच्या लांब झावळ्या एकमेकींत गुंततात आणि खाली काळोख होतो. अशा बनात शिरलेल्या माणसाला पायाखाली वाळलेल्या झावळ्यांचा थर आणि त्याच माडाची पिल्ले दिसतात, दुसरे रोपटे क्वचितच. गेंड्याच्या दृष्टीने ही नापीक जमीन. संशोधकांनी काही पट्ट्यांतले लांगकाप तोडून पाहिले तेव्हा तिथे पुन्हा ऊन पडले, खाण्याजोगी रोपटी उगवली आणि गेंडेही येऊन ती खाऊ लागले.

मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जंगलाला हात लावू नका, म्हणजे सगळे आपोआप नीट होईल, अशी आपली समजूत असते. ती पुष्कळदा बरोबरही असते. पण एखादी अख्खी जात एका लहान जंगलात कोंडली गेली की तिथली प्रत्येक घडामोड त्या जातीचे भवितव्य ठरवते, अगदी एका माडाचा फैलावसुद्धा. पूर्वी इथले रान मिटले तर गेंडे दुसरीकडे जात. आता जाणार कुठे? त्यामुळे उजुंग कुलोनमध्ये कोयता घेऊन माड तोडणारा माणूस गेंड्याचा राखणदार ठरतो.

दुसरा धोका रोगाचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला थोड्या काळात पाच गेंडे मेलेले सापडले. शिकारीची खूण नव्हती, संशय साथीच्या रोगाचा होता. उद्यानाच्या पूर्व कडेला गावे आहेत, गावकऱ्यांच्या म्हशी आहेत आणि म्हशींना घटसर्पासारखे रोग होतात. तिसरा धोका समुद्राचा. क्राकाताउच्या जागी वर आलेल्या नव्या ज्वालामुखीचा एक भाग २२ डिसेंबर २०१८च्या रात्री समुद्रात कोसळला आणि त्सुनामी आली. ४००हून अधिक माणसे दगावली, त्यांत उद्यानाचे दोन कर्मचारीही होते. गेंडे त्या वेळी वाचले. पण त्यांचे आवडते सखल रान किनाऱ्यालगत आहे आणि ज्वालामुखी जागा आहे.

चौथा धोका जुनाच, माणसाचा. तो परत आला आहे हे कळायलाही वेळ लागला आणि त्यामागे गेंडे मोजण्याच्या पद्धतीचा भाग आहे. जावन गेंडा प्रत्यक्ष दिसणे इतके दुर्मीळ की तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्यांनीही तो मोजक्या वेळाच पाहिलेला असतो. पूर्वी पावलांचे ठसे मोजून अंदाज बांधत. आता चिखलाच्या लोळणींजवळ आणि रोजच्या वाटांवर झाडाला स्वयंचलित कॅमेरे बांधतात. गेंडा रात्री येतो, चिखलात तासन् तास पडून राहतो, कान हलवतो, आणि हे सगळे चित्रित होते. मग अभ्यासक एकेक चित्रफीत पाहून ओळख पटवतात. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, मानेवरच्या वळ्या, कानाची फाटकी कड, शिंगाचा आकार, एखादा जुना व्रण, अशा खुणांवरून प्रत्येक गेंडा वेगळा ओळखता येतो. २०१३च्या चित्रफितींवरून असे ६२ गेंडे मोजले गेले, २०१९मध्ये अधिकृत आकडा ७२ झाला आणि पुढे तो आणखी चढत गेला.

पण कॅमेऱ्यात जो दिसत नाही तो मेला आहे की नुसता दुसऱ्या वाटेने गेला, हे कसे ठरवायचे? वर्ष-दोन वर्षे न दिसलेला गेंडा यादीत जिवंतच राहिला, तर आकडा कागदावर वाढतो. २०२३ आणि २०२४मध्ये पोलिसांनी शिकाऱ्यांच्या टोळ्या पकडल्या आणि त्यांच्या कबुलीतून जे बाहेर आले ते भयंकर होते: २०१९ ते २०२३ या काळात २६ गेंडे मारले गेले होते. एका म्होरक्याला २०२४मध्ये १२ वर्षांची कैद झाली. आता जगभरातले जाणकार सुमारे ५० गेंडे उरले असावेत असे मानतात. चाळीस वर्षांत आपण पुन्हा तिथेच येऊन ठेपलो.

२६ हा आकडा केवढा जबर आहे ते पाहू. मादी सुमारे सोळा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन वेतांमध्ये तीन-चार वर्षे सहज जातात. समजा, पिल्ले देण्याच्या वयाच्या बारा माद्या आहेत आणि प्रत्येकीला चार वर्षांतून एक पिल्लू होते. म्हणजे वर्षाला तीन जन्म. आणि शिकारीत वर्षाला पाचाहून अधिक गेले. त्यात शिकाऱ्याला हवे असते शिंग, जे नराला असते, त्यामुळे नर-मादीचे प्रमाणही बिघडू शकते. शिवाय थोडक्याच नरांची पिल्ले जन्मत राहिली की काही पिढ्यांत नात्यातल्या नात्यात संयोग होऊ लागतो, पिल्ले दुबळी निपजतात, रोगाला लवकर बळी पडतात. बंदुकीने न मेलेल्या गेंड्यांचाही असा हळूहळू घात होतो.

हे कुठवर जाऊ शकते ते व्हिएतनामने दाखवून दिले आहे. तिथे हा गेंडा संपला असे मानले जात होते, पण १९८८ साली एका शिकाऱ्याने एक मारला आणि काही शिल्लक असल्याचे कळले. त्यांच्यासाठी काट तिएन राष्ट्रीय उद्यानात राखीव जागा झाली. पुढे २००९-१०मध्ये तिथे शेणाचे नमुने गोळा करून डीएनए तपासला, तर सगळे नमुने एकाच प्राण्याचे निघाले. एप्रिल २०१०मध्ये तोही मेलेला सापडला. पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेले होते. काट तिएनही कागदोपत्री संरक्षितच होते.

म्हणूनच दुसरे घर हवे, हा आग्रह अभ्यासक अनेक दशके धरत आहेत. आपल्याकडचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. भारतीय गेंडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्या आसपास उरला होता, आज भारत आणि नेपाळ मिळून तो चार हजारांवर आहे. पहाऱ्याइतकेच श्रेय गेंडे नव्या जागी नेण्यालाही आहे. १९८४मध्ये आसामचे गेंडे उत्तर प्रदेशातल्या दुधव्याला आणले गेले आणि आसामातल्याच मानस उद्यानात अशांततेच्या काळात गेंडे संपल्यावर २००८पासून तिथे ते पुन्हा सोडण्यात आले. जावन गेंड्याच्या बाबतीत मात्र हे पाऊल अधिक जोखमीचे आहे. ५०पैकी एकही प्राणी बेशुद्ध करताना किंवा नेताना दगावला तर ते नुकसान जातीचे असते. यासाठी उद्यानाच्याच पूर्वेकडच्या गुनुंग होंजे भागात कुंपण घालून एक संवर्धन क्षेत्र तयार केले आहे. तिथे काही गेंडे नजरेखाली ठेवून पैदास करावी, असा बेत आहे. पण ते क्षेत्रही त्याच उद्यानात आहे, ज्वालामुखीच्या त्याच टापूत. त्यामुळे सुमात्रा किंवा जावाच्या दुसऱ्या भागात जागा शोधणे टाळता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. तिथे कोवळ्या पाल्याचे खाद्य, बारमाही पाणी, चिखलाच्या लोळणी आणि चोवीस तासांचा सशस्त्र पहारा, हे चारही आधी हवे. आणि कोणाला हलवायचे हे ठरवण्याआधी शेणातून मिळणाऱ्या डीएनएवरून प्रत्येक गेंड्याचे नाते लावून घ्यावे लागेल, म्हणजे एकाच आईची लेकरे नव्या जंगलात जोडीने पाठवली जाणार नाहीत.