कोवळे स्केटर आणि कमेंट्सचा मारा : हे इथवर कसं आलं

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे स्केटिंगचे वर्ग आता नवलाईचे राहिलेले नाहीत. खानदेशात बर्फाचं रिंक नाही, आणि मार्च लागला की सिमेंटचं मैदानही सकाळी लवकरच तापायला लागतं. म्हणून पोरं उजाडायच्या आत चाकांचे बूट बांधून तयार असतात. शालेय स्पर्धा, मग जिल्हा, मग विभाग अशा पायऱ्या चढणारी ही मुलं आठ-दहा ते पंधरा-सोळा वर्षांची. त्यांच्या सरावाचा व्हिडिओ क्लबच्या इन्स्टाग्रामवर जातो, तिथून एखादं स्थानिक बातम्यांचं पेज तो उचलतं आणि बघता बघता खाली अनोळखी माणसांची रांग लागते. कौतुक करणारे असतातच. पण मुलीच्या पोशाखावर, मांड्यांवर, रंगावर, पडण्यावर लिहिणारेही असतात. आणि मूल ते सगळं वाचतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाचतं.

आपल्याकडे हे ताजं वाटत असलं तरी बर्फावरच्या खेळात त्याला वीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात २००२ पासून धरता येते. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे वेगाच्या स्केटिंगच्या, १५०० मीटर शर्यतीत दक्षिण कोरियाचा किम डोंग-सुंग पहिला आला. वाट अडवल्याच्या कारणावरून पंचांनी त्याला बाद केलं आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या अपोलो ओनोला मिळालं. ओनो तेव्हा १९ वर्षांचा. फेसबुक नव्हतं, ट्विटर नव्हतं. तरी अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीकडे सुमारे १६ हजार ई-मेल येऊन आदळले आणि सर्व्हर बंद पडला. त्यांत जिवे मारण्याच्या धमक्याही होत्या. निर्णय पंचांचा होता, राग निघाला खेळाडूवर. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात हेच घडलेलं दिसतं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगमध्येही, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या स्केटिंगमध्येही, मोठा घोटाळा झाला. जोड्यांच्या स्पर्धेत आपल्यावर दबाव होता असं एका फ्रेंच पंचानं सांगितलं आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं नवी गुणपद्धत स्वीकारली. प्रत्येक उडीला ठरलेली किंमत, हवेत किती गिरक्या पूर्ण झाल्या, ब्लेडची कुठली धार टेकली, सगळ्याची नोंद, आणि तो तक्ता कुणालाही बघायला खुला. खेळासाठी हे चांगलंच झालं. पण प्रेक्षकाच्या हातातही एक हत्यार आलं. व्हिडिओ थांबवायचा, चित्र मोठं करायचं, ‘गिरकी अर्धवट होती, गुण चोरले’ असं लिहायचं आणि त्या मुलीला टॅग करायचं. दुसरीकडे कुठल्या पंचानं किती गुण दिले हे मात्र २०१६ पर्यंत गुप्तच राहिलं.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते २०१४ मध्ये रशियातल्या सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दिसलं. मुलींच्या फिगर स्केटिंगमध्ये रशियाच्या १७ वर्षांच्या अडेलिना सोत्निकोवाला २२४.५९ गुण मिळाले, दक्षिण कोरियाच्या गतविजेत्या युना किमला २१९.११. निकालावर शंका घेणं रास्तच होतं, जाणकारही घेत होते. चौकशीची मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर १५ लाखांहून जास्त सह्या पडल्या. पण पंचांची नावं गुणांच्या आड झाकलेली, म्हणून डोळ्यासमोर उरली ती पदक गळ्यात घातलेली मुलगी. तिच्या खात्यावर शिव्यांचा पाऊस पडला. तिनं स्वतःला एकही गुण दिला नव्हता. त्याच सोचीत ब्रिटनची शॉर्ट ट्रॅक स्केटर एलिस ख्रिस्ती एका कोरियन खेळाडूला धडकली. तिला इतक्या धमक्या आल्या की तिनं ट्विटर खातंच बंद केलं. चार वर्षांनी प्योंगचांगला कॅनडाच्या किम बुतँच्या वाट्याला तेच आलं, आणि पदक घेताना ती रडत होती.

बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकवर मात्र थोडं थांबायला हवं.

झू यी ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चीनकडून खेळणारी १९ वर्षांची मुलगी. सांघिक स्पर्धेत पहिल्याच जोड-उडीत ती पडली, कुंपणाच्या भिंतीवर जाऊन आदळली, आणि पुढची एक उडीही चुकली. ‘झू यी पडली’ अशा अर्थाचा हॅशटॅग चीनच्या वेबो या समाजमाध्यमावर काही तासांत २० कोटी वेळा पाहिला गेला. तिला चिनी भाषा नीट येत नाही, दुसऱ्या मुलीची जागा हिला का दिली, वडील मोठे शास्त्रज्ञ म्हणून दिली का, सगळं निघालं. कंपनीनं नंतर तो हॅशटॅग हटवला. पण दुसऱ्याच दिवशी तिला पुन्हा त्याच बर्फावर उतरायचं होतं. ती उतरली, पुन्हा पडली आणि कार्यक्रम संपवताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आदल्या रात्रीचं ओझं पायात घेऊन मूल खेळायला उतरतं ते कसं दिसतं, हे त्या चार मिनिटांत जगानं पाहिलं. उडी मारण्याआधीच्या क्षणी स्केटरच्या मनात शंका शिरली की अंग हवेतच वेळेआधी उघडतं, गिरकी अर्धवट राहते, माणूस पडतो. म्हणजे कमेंटमुळे फक्त मन दुखतं असं नाही, हाडही मोडू शकतं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या १५ वर्षांच्या स्केटर कामिला वालियेवाचं उत्तेजकाचं प्रकरण गाजलं. तिच्यावर पुढे चार वर्षांची बंदी आली आणि नियम म्हणून ती योग्यच. तरी पंधरा वर्षांच्या मुलीभोवतीची मोठी माणसं बाजूला राहिली आणि साऱ्या जगाचा संताप तिच्या चेहऱ्यावर एकवटला, हे विसरता येत नाही. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं वरिष्ठ गटासाठीचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ करायचं ठरवलं. १०० मतं बाजूनं, १६ विरोधात. कारण सांगितलं गेलं ते मुलांच्या शरीराचं आणि मनाचं आरोग्य. ही दोन वर्षं फार मोलाची आहेत असं मला ठामपणे वाटतं. पण ती मिळाली फक्त वरच्या गटाला. ज्युनियरच्या स्पर्धाही इंटरनेटवर दिसतात आणि तिथे तेरा-चौदाची मुलंही असतात.

मुलींना हे जास्त सोसावं लागतं, हाही अंदाज राहिलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या काळात जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं १६१ खेळाडूंची ट्विटर खाती तपासली. त्यात सापडलेल्या शिवीगाळीपैकी ८७ टक्के स्त्री खेळाडूंच्या वाट्याची होती. आपल्याकडे हे उघड बोलायचं धाडस नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखनं केलं. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा खेळून आल्यावर तिनं लिहिलं की लोक तिच्या चालींपेक्षा कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलतात. तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. जिंकली म्हणून तिचं म्हणणं खरं ठरलं असं नाही. ते आधीही खरंच होतं. आणि ज्यांना कधी विश्वचषक मिळणार नाही अशा मुलींनाही ते तितकंच लागू आहे.

आता संरक्षणाच्या सोयींकडे वळू. त्या प्रत्येक वेळी बोभाटा झाल्यावरच आल्या. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या लहान मुलींच्या व्हिडिओंखाली विकृत लोक एकमेकांना नेमकी वेळ सांगून दृश्यं दाखवतात, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये बाहेर आलं. मोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, तेव्हा यूट्यूबनं अल्पवयीन मुलं दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंखालच्या कमेंट बंद केल्या. इन्स्टाग्रामवर नको ते शब्द गाळण्याची सोय २०१६ मध्ये आली. २०२५ च्या फेब्रुवारीत भारतात ‘टीन अकाउंट’ आलं. त्यात मुलांचं खातं आपोआप खासगी राहतं आणि सोळाच्या आतल्यांना बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पॅरिस २०२४ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं हजारो खेळाडूंच्या खात्यांवर संगणकाची नजर ठेवली, ३५ हून जास्त भाषांत.

हे सगळं चांगलं आहे, पण खानदेशातल्या मुलीपर्यंत ते पोचतच नाही. कारण ही बहुतेक राखण मुलाच्या स्वतःच्या खात्यावर आहे. आपल्याकडे मुलाचं खातं अनेकदा नसतंच. व्हिडिओ असतो तो क्लबच्या पेजवर, काकाच्या फेसबुकवर, नाहीतर गावातल्या बातम्यांच्या चॅनलवर. त्यात मुलीचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता, गाव, सगळं ‘अभिमान आहे’ म्हणून लिहिलेलं. दार उघडं ठेवणारे आपणच असतो आणि तेही प्रेमापोटी.

दुसरी अडचण बोलीची. शिव्या गाळणारं यंत्र इंग्रजीत हुशार, हिंदीत बरं. अहिराणीत किंवा लेवा बोलीत, तेही रोमन अक्षरांत लिहिलेलं, त्याला कितपत कळणार? ‘कशी धडकन पडनी व माय!’ हे घरच्या मावशीनं लिहिलं तर त्यात काळजी असते, हसू असतं. तेच अनोळखी माणसानं मुलीच्या फ्रॉककडे बोट दाखवत लिहिलं तर त्याचा अर्थ पार बदलतो. ही पारख गावचं माणूसच करू शकतं. इन्स्टाग्रामवर आपल्याला नको असलेल्या शब्दांची यादी आपण स्वतः भरू शकतो. क्लबच्या सरांनी किंवा मॅडमनी चार मोठ्या मुलांना बसवून अर्ध्या तासात ती भरली, एकेक शब्द तीन-चार तऱ्हांनी लिहून, तर बराच कचरा दाराबाहेरच राहतो.

कायद्याचा प्रवासही सरळ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रासदायक संदेशांना शिक्षा होती. पण २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, वादळ उठलं, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. ते जायलाच हवं होतं. आता अशा कमेंटसाठी वेगवेगळी कलमं बघावी लागतात. मुलगा असो वा मुलगी, अठराच्या आतल्या मुलाला लैंगिक हेतूनं काही बोललं-लिहिलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी ७८ आणि स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी ७९ कलम आहे. धमकीसाठी ३५१ आहे. नुसतं ‘जाडी’, ‘काळी’, ‘पडकी’ म्हणणं यांपैकी कशात बसवणं कठीण. अशी तक्रार बहुधा एनसीवरच, म्हणजे अदखलपात्र नोंदीवरच, थांबते. बाप स्टेशनला जाऊन कागद घेऊन परत येतो.

तरीही जिथे धमकी किंवा लैंगिक मजकूर आहे तिथे गप्प बसू नये. कमेंट पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात लिहिणाऱ्याचं खातं, तारीख, लिंक दिसायला हवी. मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्यावी. मूल घाबरलं असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहेच. तक्रार देताना बदनामीच्या भीतीनं मुलीचाच सराव बंद करणारी घरं आहेत. त्यात लिहिणाऱ्याचं काहीच जात नाही, जातं ते मुलीचं मैदान.

मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. पण घरच्या माणसानं घरगुती कारणासाठी टाकलेल्या व्हिडिओला तो कायदा लागत नाही. तोवर उन्हाळी शिबिराच्या प्रवेश अर्जावर तीन प्रश्न वाढवायला कुणाचीच परवानगी लागत नाही: मुलाचा व्हिडिओ टाकायचा का, टाकला तर नाव-शाळा लिहायची का, आणि खालच्या कमेंट उघड्या ठेवायच्या का. तिसऱ्या प्रश्नाला मुलानं ‘नाही’ म्हटलं, तर पालकांनी ‘हो’ म्हटलेलं धरू नये.