विवाह परवाना शुल्कातून निवारा केंद्रांना निधी (अमेरिका)

अमेरिकेच्या अनेक राज्यांत लग्नाआधी काढाव्या लागणाऱ्या परवान्याच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा कौटुंबिक हिंसाचारातून सुटून आलेल्या व्यक्तींच्या निवारा केंद्रांसाठी कायद्याने राखून ठेवलेला असतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली. फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, ओहायो, न्यू जर्सी, ऑरेगन, नेव्हाडा या राज्यांत ती आजही चालू आहे. इलिनॉयमध्ये न्यायालयाने ती एकदा मोडीत काढली आणि पुढे ती जरा वेगळ्या रूपात परत आली. एका जोडप्याच्या दृष्टीने रक्कम किरकोळ असते, पण तिच्यामागचा प्रश्न किरकोळ नाही : घरातल्या मारहाणीवर उतारा म्हणून जे करावे लागते त्याचा खर्च समाजातल्या नेमक्या कोणी उचलायचा?

भारतात साधारणपणे आधी लग्न लागते आणि मागाहून नोंदणी होते. अमेरिकेत क्रम उलटा आहे. वधूवरांनी काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कार्यालयात (ओहायोत वारसा-मृत्युपत्रे पाहणाऱ्या प्रोबेट न्यायालयात) जाऊन आधी परवाना घ्यायचा; लग्न लावणारा पाद्री असो, न्यायाधीश असो किंवा भटजी, त्याने परवाना पाहूनच विधी करायचा आणि नंतर त्यावर सही करून तो परत पाठवायचा. त्यामुळे हे शुल्क कोणाला चुकत नाही. वसुलीसाठी वेगळी यंत्रणा लागत नाही, थकबाकी राहत नाही, आणि हॉल, जेवणावळ, छायाचित्रकार यांवर हजारो डॉलर खर्च करणारे जोडपे खिडकीवर वीस-पंचवीस डॉलरसाठी हुज्जत घालत नाही. विधिमंडळांना ही वाट सोयीची वाटली यात नवल नाही.

उगम

मार खाणाऱ्या बायकांसाठी उघडपणे चालवलेले आधुनिक काळातले पहिले गाजलेले निवारा केंद्र लंडनच्या चिझिक भागात १९७१ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात ‘विमेन्स अ‍ॅडव्होकेट्स’ या गटाने १९७४ मध्ये एक घर घेऊन असेच काम सुरू केले. ही पहिली केंद्रे देणग्यांवर, स्वयंसेवकांच्या श्रमावर आणि चर्चने दिलेल्या खोल्यांवर चालत. जागा कायम भरलेल्या असत. केंद्र सरकारचा यासाठीचा खास कायदा, ‘फॅमिली व्हायोलन्स प्रिव्हेन्शन अँड सर्व्हिसेस अ‍ॅक्ट’, १९८४ मध्ये आला. तोवर राज्यांच्या पातळीवर जो काही सरकारी पैसा उभा राहिला त्यात विवाह परवान्याचा वाटा होता.

याच मार्गाची निवड का झाली, याचे एक कारण त्या काळच्या कर-राजकारणात सापडते. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कराला लगाम घातला आणि राज्याला नवे कर लावणेही अवघड करून ठेवले. करविरोधाची ही लाट देशभर पसरली. कर वाढवणे म्हणजे निवडणूक हरणे; शुल्क वाढवणे मात्र कोणाच्या डोळ्यावर येत नसे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाने दर परवान्यामागे ८ डॉलर निवारा केंद्रांसाठी बाजूला काढण्याचा कायदा केला तो या वातावरणात. त्याच सुमारास बालकांवरील अत्याचार रोखण्यासाठीही हीच युक्ती वापरली गेली. मिशिगनमधले बालरोगतज्ज्ञ रे हेल्फर यांच्या कल्पनेतून १९८० मध्ये कॅन्ससने देशातला पहिला ‘चिल्ड्रन्स ट्रस्ट फंड’ उभा केला, तोही विवाह परवान्यावरच्या अधिभारातून.

राज्याराज्यांतले दर

प्रत्येक राज्याची रीत निराळी आहे. न्यू जर्सीत परवान्याचे २८ डॉलर पडतात आणि त्यातले २५ निवारा केंद्रांच्या निधीत जातात. म्हणजे तिथे परवाना काढणारा माणूस शासनाला तीन डॉलर देतो आणि बाकी जवळजवळ सगळे पैसे निवाऱ्याला. फ्लोरिडा आणि ऑरेगनमध्येही हा वाटा २५ डॉलरचा आहे. ओहायोने संसाराच्या दोन्ही दारांवर पेटी ठेवली आहे : लग्नाच्या परवान्यावर १७ डॉलर आणि घटस्फोटाच्या किंवा विवाह रद्द करण्याच्या दाव्यावर ३२ डॉलर, दोन्ही एकाच खात्यात.

कॅलिफोर्नियातला वाटा वाढत वाढत २३ डॉलरवर आला. हा पैसा राज्याच्या तिजोरीत न जाता काउंटीच्या स्वतंत्र खात्यात जमा होतो, आणि प्रशासनावर त्यातला फार तर ८ टक्के खर्च करता येतो. २३ पैकी ४ डॉलर शक्यतो अशा वस्त्यांसाठी आणि गटांसाठी वापरायचे असतात जिथवर सेवा नीट पोचलेल्या नाहीत. पैसे घेणाऱ्या केंद्राने काय पुरवायचे हेही कायदा सांगतो : चोवीस तास निवारा, चोवीस तास चालणारा दूरध्वनी, तात्पुरते राहणे-जेवण, समुपदेशन, मुलांच्या शाळेची सोय, अडचणीच्या वेळी ने-आण. २००६ मध्ये याच राज्याने समलिंगी जोडप्यांच्या सहजीवन नोंदणीवरही २३ डॉलरचे शुल्क बसवले आणि ते पैसे त्या समाजातल्या हिंसाचारपीडितांच्या सेवांसाठी राखले. तेव्हा या जोडप्यांना तिथे लग्नाचा हक्क नव्हता, पण शुल्क आधी आले!

नेव्हाडाचे प्रकरण सर्वांत मजेशीर आहे. तिथला कायदा १९८१चा. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत येते तिथे वर्षाला सत्तर-ऐंशी हजार परवाने निघतात आणि एका परवान्याला १०२ डॉलर पडतात. यातली बहुसंख्य जोडपी बाहेरून येतात, एका संध्याकाळी लग्न करून आपापल्या गावी जातात. त्यांच्या शुल्कातला ठरावीक भाग नेव्हाडातल्या पीडितांच्या कामी येतो. पाहुण्यांकडून वसूल करून घरच्यांवर खर्च करणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला आवडेल. याची दुसरी बाजू २०२०च्या मार्चमध्ये दिसली. साथीमुळे क्लार्क काउंटीची परवाना खिडकी काही आठवडे बंद राहिली आणि तिच्यावर अवलंबून असलेला ओघ त्या काळापुरता थांबला.

न्यायालयातला वाद

या पद्धतीवरचा सर्वांत मूलभूत आक्षेप इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात तपासला गेला. त्या राज्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी अधिभार लावले होते : घटस्फोटाच्या अर्जावर ५ डॉलर आणि विवाह परवान्यावर १० डॉलर. दोन्हींचा पैसा कौटुंबिक हिंसाचार निवारा आणि सेवा निधीत जायचा. ‘क्रॉकर विरुद्ध फिनली’ (१९८४) या खटल्यात पहिला अधिभार घटनाबाह्य ठरला. कोर्टाची फी कोर्टाच्या कामाशी निगडित असली पाहिजे. दाद मागायला आलेल्या माणसाकडून समाजकल्याणाच्या एका योजनेचे पैसे घेणे म्हणजे न्यायाच्या दारावर कर बसवणे, असा त्या निकालाचा रोख होता.

दोन वर्षांनी ‘बॉयंटन विरुद्ध कस्पर’ (१९८६) या खटल्यात विवाह परवान्यावरचे १० डॉलरही गेले. इथे युक्तिवाद आणखी नाजूक होता. राज्याचे म्हणणे असे की हिंसा घरात घडते, घर लग्नातून उभे राहते, तेव्हा लग्न करणाऱ्यांवर हा भार टाकण्यात काही वावगे नाही. न्यायालयाने हा दुवा फार लांबचा मानला. लग्न करणे हा मूलभूत हक्क. तो बजावू पाहणाऱ्या नेमक्या एका गटाला वेगळे काढून त्याच्याकडून सार्वत्रिक कल्याणाचा खर्च वसूल करणे न्याय्य प्रक्रियेच्या तत्त्वात बसत नाही, असा निष्कर्ष निघाला. परवाना लिहून देण्याच्या कामाशी या दहा डॉलरचा संबंध नव्हता, म्हणून ते शुल्क नसून कर होता.

तर्काच्या कसोटीवर हा निकाल मजबूत आहे हे मान्य करावे लागते. परवाना काढणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या घरात कोणी कोणाला मारत नाही, आणि निवाऱ्यात येणाऱ्या अनेक स्त्रियांचे लग्न झालेलेच नसते. तरी इतर राज्यांत पद्धत टिकली. इलिनॉयनेही ती सोडून दिली नाही. आज तिथे दर परवान्यामागे ५ डॉलर ‘मॅरिड फॅमिलीज डोमेस्टिक व्हायोलन्स फंड’ या खात्यात जातात. पैसा विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या पीडितांच्या कायदेशीर मदतीपुरता राखलेला आहे. नावातले पहिले दोन शब्द जुना निकाल समोर ठेवूनच निवडले असावेत, इतके ते जपून बसवलेले आहेत. लुइझियानात १९९७ मध्ये दिवाणी दाव्यांवरचा अशाच हेतूचा अधिभार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला; पण तो खटला विवाह परवान्याचा नव्हता.

पैसा किती आणि किती भरवशाचा

हिशेब मांडला की या निधीचा खरा आकार कळतो. कॅलिफोर्नियात साथीच्या आधी वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास लग्ने होत. २३ डॉलरने गुणले तर साधारण ५० लाख डॉलर होतात, आणि ते अठ्ठावन्न काउंट्यांत विभागले जातात. लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी रक्कम बरी निघते. डोंगराळ, विरळ वस्तीच्या काउंटीत एका कर्मचाऱ्याचा वर्षाचा पगारही सुटत नाही. गरज मात्र तिथे कमी असते असे नाही. दूरच्या गावातून निघालेल्या बाईला निवाऱ्यापर्यंत आणण्याचा खर्च उलट जास्त येतो.

तरीही केंद्रे चालवणारे लोक या पैशाला धरून राहतात, आणि का ते २००९ मध्ये दिसले. आर्थिक मंदीत कॅलिफोर्नियाचे अंदाजपत्रक कोसळले असताना गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी जुलैमध्ये निवारा केंद्रांचे राज्य अनुदान, जे आधी २ कोटी डॉलरच्या घरात होते, नकाराधिकार वापरून शून्यावर आणले. काही केंद्रांना टाळे लागले, काहींनी खाटा कमी केल्या, माणसे काढली. ऑक्टोबरमध्ये विधिमंडळाने दुसऱ्या एका निधीतून उसने घेऊन १ कोटी ६३ लाख डॉलर परत दिले. मधल्या तीन महिन्यांत विवाह परवान्याचे पैसे काउंटीच्या खात्यांत नेहमीसारखे येत होते, कारण ते अंदाजपत्रकाच्या यादीत नव्हतेच. रक्कम छोटी असली तरी दरवर्षी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण आहे. हिंसाचार आणि लग्न यांच्यातल्या तात्त्विक नात्यापेक्षा तो कितीतरी वजनदार आहे.

दोष दोन आहेत. पहिला म्हणजे आकडा कायद्यात डॉलरमध्ये कोरलेला असतो. १९८० मधल्या ८ डॉलरची किंमत महागाई धरली तर २०१४च्या सुमारास जवळपास २३ डॉलर भरते. म्हणजे कॅलिफोर्नियाने वाटा जवळजवळ तिप्पट केला तो महागाईबरोबर चालण्यातच संपला, आणि त्यानंतर तो मागे पडत गेला. दुसरा दोष अधिक खोल आहे. अमेरिकेत लग्नेच कमी होत आहेत. १९८० मध्ये दर हजार लोकसंख्येमागे १०.६ लग्ने होत. २००० मध्ये ८.२, २०१९ मध्ये ६.१. साथीच्या वर्षी देशातली लग्ने २० लाखांवरून सुमारे १६ लाख ७७ हजारांवर आली. लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून घरातली हिंसा घटत नाही. २०२० मध्ये तर लोक घरात कोंडले गेले होते, मदतीची गरज वाढलेली होती, आणि नेमक्या त्याच वेळी हा झरा आटला. गुन्हेगारांच्या दंडातून भरणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘क्राइम व्हिक्टिम्स फंड’लाही अशीच ओहोटी लागली होती, तिच्यावर २०२१ मध्ये कायदा बदलून उपाय करावा लागला.

राखीव पैशावर नजर कमी राहते, हेही एक खरे. फ्लोरिडात हा निधी राज्यातल्या केंद्रांची शिखर संघटना वाटत असे. तिच्या प्रमुखांनी तीन वर्षांत ७० लाखांहून अधिक डॉलर मोबदला घेतल्याचे २०२० मध्ये उघड झाले. विधिमंडळाने चौकशी बसवली आणि त्या संघटनेचे नाव कायद्यातून काढून वाटपाचे काम राज्याच्या खात्याकडे परत नेले. दर जोडप्यामागे पंचवीस डॉलर अशा थेंबाथेंबाने जमलेला पैसा असा एका घरात जाणे लोकांना फार लागले.

पैसे भरणारे आणि आसरा घेणारे

निवाऱ्यात येणाऱ्या स्त्रीने स्वतः कधी हे शुल्क भरले होते का, हे कोणी विचारत नाही, आणि विचारू नयेच. स्थलांतरित स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट ठळक होते. पुण्यात किंवा नागपुरात लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर न्यू जर्सीत आलेल्या मुलीने तिथला परवाना काढलेला नसतो. तिच्या हातात नोकरीचा परवाना नसतो, बँकेतले खाते नवऱ्याचे, गाडी चालवता येत नाही. अशा दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ ही संस्था काम करते. शिकागोतले ‘अपना घर’ आणि सान फ्रान्सिस्को परिसरातली ‘मैत्री’ याच परंपरेतल्या. सर्वसाधारण केंद्रांत भाषा, जेवण, सासरच्या माणसांकडून होणारा छळ या गोष्टी समजून घेणारे कोणी नसे, म्हणून या संस्था निघाल्या.

भारतात विवाह नोंदणीच्या शुल्काला असा राखीव वाटा जोडलेला नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यात आश्रयगृहाची तरतूद आहे, पण पैसा अंदाजपत्रकातून येतो : ‘मिशन शक्ती’खालच्या ‘शक्ती सदन’ योजनेला केंद्र आणि राज्य मिळून, आणि २०१५ पासूनच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरना २०१३ मध्ये स्थापन झालेल्या निर्भया निधीतून. महाराष्ट्रात नोंदणीचे शुल्क नाममात्र आहे आणि ते लग्नानंतर भरायचे असते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार वधूवर आधी नोंदणी अधिकाऱ्यापुढे इरादा जाहीर करतात आणि काही दिवसांनी पुन्हा येऊन सह्या करतात. अमेरिकी परवान्याच्या जवळ जाणारी ही सरकारी पायरी आहे. पण तिथेही निवाऱ्याच्या नावाने पैसे घेतले जात नाहीत.